मेर्योंची साक्ष कितपत ग्राह्य?

शार्ल मेर्यों या फ्रेंच चित्रकाराने १८५४ मध्ये पॅरिसमधल्या सीन नदीच्या काठाचे एक चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवले. त्याला त्याने 'ला मॉर्ग', म्हणजे शवागार, असे नाव दिले. चित्र फार मोठे नाही. उंची सुमारे २३ सेंटिमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी. जुन्या पॅरिसवरच्या पुस्तकांत ते वारंवार छापले जाते आणि बहुतेक वेळा त्याखाली एवढीच ओळ असते की, शहराचा हा भाग पाडला जाण्यापूर्वी असा दिसत होता. ही ओळ कितपत खरी आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. तळाशी नदी आणि काठाला लागलेल्या, कपडे धुण्याच्या छपरी नौका. त्यांच्यावर दगडी धक्क्याची भिंत. धक्क्यावर एक ठेंगणी, चौकोनी, जाड भिंतींची इमारत असून तिच्या धुराड्यांतून धूर निघतो आहे. हेच शवागार. त्याच्या मागे अनेक मजली जुनी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यांच्या भिंतींवर कडक ऊन आणि खिडक्यांत काळोख आहे. पाण्याजवळ माणसे नदीतून काढलेला एक मृतदेह उचलून नेत आहेत. एक स्त्री आक्रोश करते आहे, तिच्याजवळ लहान मूल आहे. पोलीस शिपाई हाताने वाट दाखवतो आहे. वर कठड्यावर ओणवे झालेले बघे हे सगळे पाहत आहेत.

हे शवागार नदीच्या काठावरच का होते, हे समजल्याशिवाय चित्र उलगडत नाही. सीन नदीच्या मधोमध 'इल द ला सिते' नावाचे बेट आहे. पॅरिस शहर मुळात इथूनच वाढले आणि नोत्र दाम हे मोठे कॅथेड्रलही इथेच आहे. बेटाच्या दक्षिणेकडच्या अरुंद प्रवाहालगत, सें-मिशेल पुलाजवळ, १८०४ मध्ये पोलीस खात्याने हे शवागार उभारले. रस्त्यात सापडलेले बेवारस मृतदेह इथे आणले जात. पण त्यांतला मोठा वाटा बुडालेल्यांचा असे. कोणी पाय घसरून पडलेले, कोणी जीव दिलेले, कोणी ढकललेले. नदीतून वर काढलेला देह नावेने थेट धक्क्याला आणता येई. काठावरची जागा ही सोयीची जागा होती.

शवागाराचे काम ओळख पटवण्याचे होते. ओळखपत्रे, बोटांचे ठसे, पोलिसांकडची छायाचित्रे यांपैकी काहीही तेव्हा नव्हते आणि १८५१ च्या जनगणनेनुसार पॅरिसची लोकसंख्या दहा लाखांवर गेली होती. गावात माणूस मेला तर त्याला ओळखणारे चार जण असतात. एवढ्या मोठ्या शहरात नसतात. म्हणून मृतदेह काचेपलीकडे उतरत्या दगडी फळ्यांवर ठेवत, त्यांचे कपडे वर टांगत आणि देह लवकर कुजू नये म्हणून त्यांच्यावर थंड पाण्याची धार सोडत. बर्फाच्या किंवा शीतगृहाच्या सोयीला अजून अनेक वर्षे अवकाश होता. दार सर्वांना उघडे असे आणि आत जायला पैसे पडत नसत. ज्याचा माणूस हरवला असेल त्याने यावे, पाहावे आणि सांगावे, अशी कल्पना.

प्रत्यक्षात ज्यांचे कोणी हरवले नव्हते असे लोकच जास्त येत. कामगार जेवणाच्या सुट्टीत येत, आया मुलांना घेऊन येत, पाहुणे शहर बघताना येत. वर्तमानपत्रात खुनाची बातमी आली की रांगा लागत. एमिल झोलाच्या 'तेरेझ राकें' या १८६७ च्या कादंबरीत शवागाराला भेट देणाऱ्यांचे जे वर्णन आहे, ते याच गर्दीचे. मेर्योंच्या चित्रातले बघे त्यामुळे नाट्य वाढवण्यासाठी घातलेले नाहीत. ते त्या जागेचा नित्याचा भाग होते, इमारतीच्या धुराड्यांइतकेच.

आता खालच्या नौका. त्या धोबिणींच्या कामाच्या जागा होत्या. घरांत पाणी नव्हते, विहिरींचे पाणी जड होते, म्हणून शहराचे कपडे नदीवर येत. ज्या नदीत कपडे धुतले जात तिच्यातच गटारे सुटत आणि तिच्यातूनच पिण्याचे पाणी उपसले जाई. नोत्र दाम पुलाला लागून लाकडी खांबांवर उभे असलेले एक मोठे पाणी-उपसा यंत्र होते. ते सतराव्या शतकापासून सीनचे पाणी शहराच्या कारंज्यांना पुरवत आले होते. मेर्योंने त्याचेही चित्र केले आहे, १८५२ मध्ये. १८३२ च्या पटकीच्या साथीत पॅरिसमध्ये १८,००० हून अधिक माणसे मेली. १८४९ मध्ये साथ पुन्हा आली. रोग पाण्यातून पसरतो हे डॉक्टरांना तेव्हा ठाऊक नव्हते. दोष कोंदट हवेला आणि दाटीच्या वस्तीला दिला जाई. निदान चुकीचे होते, पण बोट ज्या वस्तीकडे दाखवले जात होते ती खरोखरच रोगट होती.

या पार्श्वभूमीवर जून १८५३ मध्ये जॉर्ज ओस्मान पॅरिसचा प्रशासक झाला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याच्या हाती शहराचा नकाशा सोपवला. रुंद सरळ रस्ते, नवी गटारे, दूरच्या झऱ्यांवरून आणलेले पाणी, बागा, रेल्वे स्थानकांना जोडणारे मार्ग अशी ती योजना होती. आरोग्य हे तिचे एक कारण होते, वाहतूक दुसरे, गल्लीबोळांत अडथळे उभारून लढणाऱ्या बंडखोरांना आवर घालणे हे तिसरे, आणि जमिनीच्या व्यवहारात मिळणारा पैसा हेही एक कारण होते, जे सरकारी कागदांत ठळक नसायचे. बेटावरची बहुतेक जुनी घरे पाडली गेली. तिथे न्यायालये, पोलिसांच्या कचेऱ्या आणि नवे रुग्णालय आले. रहिवासी शहराच्या कडांकडे ढकलले गेले. पाणी-उपसा यंत्र १८५८ च्या सुमारास काढले गेले, पों-तो-शांज हा पूल १८५८ ते १८६० या काळात नव्याने बांधला, आणि मेर्योंच्या चित्रातले शवागार १८६४ मध्ये हलवले.

म्हणजे मेर्योंने पॅरिसची आपली चित्रमाला केली ती १८५० ते १८५४ या पाच वर्षांत, पाडापाडीच्या अगदी तोंडावर. काही ठिकाणी कुदळ आधीच पडलेली होती. रिव्होली रस्त्याची लांबी वाढवण्याचे काम ओस्मानच्या आधीच सुरू झाले होते. चित्रमालेचा काळ आणि विषय दोन्ही लक्षात घेता तिला दस्तऐवज मानण्याचा मोह होणे साहजिक आहे.

मेर्यों या कामाकडे आला तो आडवाटेने. त्याचा जन्म १८२१ चा, पॅरिसचा. आई नर्तकी, वडील इंग्रज डॉक्टर. दोघांचे लग्न झालेले नव्हते. तरुणपणी तो नौदलात अधिकारी झाला आणि 'ल ऱ्हँ' या युद्धनौकेवर १८४२ ते १८४६ अशी चार वर्षे न्यूझीलंड आणि प्रशांत महासागराच्या बेटांकडे होता. परतल्यावर त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. मात्र त्याला रंगांधत्व होते. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्याला नीट कळत नाही, त्याला तैलरंगात भवितव्य नव्हते. तो ऊजेन ब्लेरी या एचिंग करणाऱ्या कलावंताकडे शिकायला गेला आणि हात बसावा म्हणून सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची, रेनिए नोम्सची, पॅरिसची दृश्ये नकलून काढू लागला. नोम्स स्वतः खलाशी होता आणि 'झेमान', म्हणजे दर्यावर्दी, या नावाने सही करी. मेर्योंने आपली चित्रमाला त्यालाच अर्पण केली आहे. पाण्याच्या पातळीवरून शहर पाहण्याची सवय दोघांनाही होती. मेर्योंच्या चित्रांत काठ खालून वर वाढत जातो, नावेतून दिसावा तसा.

एचिंग, म्हणजे अम्लरेखन, हे तंत्र इथे समजून घ्यायला हवे. कारण चित्राच्या विश्वासार्हतेचा प्रश्न बऱ्याच अंशी तंत्राशी बांधलेला आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा स्वच्छ करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचे पातळ अस्तर देतात. अस्तर मेणबत्तीच्या धुराने काळे करतात, म्हणजे रेषा स्पष्ट दिसतात. मग सुईने चित्र काढायचे. सुई तांबे कोरत नाही, ती फक्त अस्तर खरवडते आणि खालचे लालसर तांबे उघडे पाडते. पाठ आणि कडा व्हार्निशने झाकून पत्रा नायट्रिक आम्लात ठेवला की उघड्या रेषांतले तांबे आम्ल खाते. रेषांवर बुडबुडे येतात. ते पिसाने हलकेच सारायचे, नाहीतर रेघ तुटक होते.

यातली मेख वेळेत आहे. ज्या रेषा फिकट हव्यात त्या थोड्या मिनिटांत पुरेशा खोल होतात. तेव्हा पत्रा बाहेर काढून त्या व्हार्निशने बुजवायच्या आणि उरलेल्या पुन्हा आम्लात सोडायच्या. असे टप्प्याटप्प्याने केले की काही रेषा केसासारख्या राहतात, काही खोल चर होतात. छपाईच्या वेळी सगळ्या पत्र्यावर शाई चोपडतात आणि कापडाने, मग तळहाताने पुसतात. शाई फक्त चरांत राहते. ओलसर कागद वर ठेवून, त्यावर लोकरीचे जाड कापड घालून, दोन रुळांमधून पत्रा दाबला की कागद चरांत शिरतो आणि शाई उचलतो. चांगल्या ठशावर बोट फिरवले तर काळ्या रेषा किंचित उंच लागतात.

मेर्योंची रेष या पद्धतीतही वेगळी ओळखू येते. पत्र्यावर शाईचा पातळ थर मुद्दाम ठेवून धूसर वातावरण निर्माण करण्याची युक्ती त्या काळचे काही छापणारे वापरत. त्याचा अनेकदा मुद्रक राहिलेला ओग्युस्त देलात्र त्यात वाकबगार मानला जाई. मेर्योंचा भर त्यावर नव्हता. त्याच्या चित्रातला अंधार शेजारी शेजारी घातलेल्या रेषांचा आहे आणि उजेड म्हणजे कोरा कागद. कुठेकुठे आम्लाचे काम झाल्यावर त्याने पोलादी कोरणीने रेषा धारदार केल्या आहेत. त्याला थोडा हिरवट कागद आवडे. त्यावर पांढरा भाग झगझगत नाही, भिंतीवरचे ऊन जुने वाटते. 'ला मॉर्ग'च्या घरांकडे भिंगातून पाहिले तर प्रत्येक भिंतीच्या रेषांची दिशा निराळी आहे. दगड, गिलावा, लाकूड, पाणी आणि धूर यांना त्याने निरनिराळी रेष दिली आहे. एकाच काळ्या शाईत इतके पदार्थ वेगळे ओळखता येतात, ते या शिस्तीमुळे. रंगांधत्वाने त्याला इकडे ढकलले असेल. पण इथे त्याने जे केले ते नाइलाजाचे काम वाटत नाही.

छपाईत चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते. पत्र्यावर डावीकडे काढलेले कागदावर उजवीकडे येते. जेम्स व्हिस्लरसारख्या मोठ्या चित्रकाराने व्हेनिसची दृश्ये थेट पत्र्यावर काढली आणि ती उलटी छापली गेली, याची त्याने फिकीर केली नाही. मेर्यों ती फिकीर करी. त्याने आधी पेन्सिलीने जागेवर काटेकोर रेखाटने केली, ती पत्र्यावर उलटी उतरवली, आणि छापलेला काठ खऱ्या काठासारखा सुलटा येईल असे पाहिले. दस्तऐवज म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवावा असे वाटायला लावणारी ही सर्वात भक्कम गोष्ट आहे.

तरीही त्याने खऱ्या दृश्यात फेरफार केले, आणि हे त्याने लपवले नाही. १८५० च्या 'पेती पों' या चित्रात त्याने पूल आणि घरे पाण्याच्या कडेला उभे राहून रेखाटली. पण मागचे नोत्र दामचे मनोरे तिथून जेवढे दिसतात त्याहून उंच केले. दोन ठिकाणांहून दिसणारी दृश्ये त्याने एकाच चित्रात जोडली. फिलिप ब्युर्ती या समीक्षकाने १८६३ मध्ये त्याच्या चित्रांची सूची प्रसिद्ध केली तेव्हा मेर्योंने तिच्यावर आपली निरीक्षणे लिहून ठेवली. मनोरे उंच केल्याचे त्यात त्याने कबूल केले आहे आणि समर्थनही केले आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, वस्तू नजरेआड होताच मन तिला याच दिशेने वाढवते. म्हणून असे स्वातंत्र्य घेणे त्याला रास्त वाटते. ज्या कॅथेड्रलसमोरून माणूस चालत गेला आहे, त्याची त्याला राहिलेली आठवण ही मोजपट्टीने घेतलेल्या उंचीपेक्षा उंचच असते, हे त्याचे निरीक्षण चुकीचे म्हणता येत नाही. पण मग त्याच्या चित्रावरून मनोऱ्याची उंची काढू नये, हेही ओघाने आले.

दुसरा फेरफार अधिक विचित्र आहे. तांब्यावरची रेष कायमची नसते. धारदार पात्याने तांबे खरवडून, घासून गुळगुळीत करून, मागून हातोडीने ठोकून तो भाग पुन्हा समतल करता येतो आणि तिथे नवे काही काढता येते. अशा बदलानंतरच्या छापांना त्या चित्राची पुढची अवस्था म्हणतात. १८५४ च्या 'पों-तो-शांज' या पुलाच्या चित्रात आकाशात आधी एक फुगा होता, त्यावर इटालियनमध्ये 'आशा' असे नाव. पुढच्या काळात मेर्योंने फुगा खोडला आणि तिथे मोठ्या पक्ष्यांचा थवा आणला. आणखी पुढे पक्ष्यांच्या जागी अनेक फुगे आले. खालचा पूल, घरे, नदी तशीच राहिली. एकाच तारखेचा एकच काठ म्हणून जे चित्र दाखवले जाते, त्याची अवस्था कोणती हे सांगितल्याशिवाय तो दाखला अपुरा राहतो. संग्रहालये ही नोंद करतात. पुस्तके आणि दिनदर्शिका बहुधा करत नाहीत.

या बदलांमागे त्याचे आजारपण होते. १८५८ मध्ये त्याला शारांतोंच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पुढच्या वर्षी तो बाहेर आला, १८६६ मध्ये पुन्हा आत गेला आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये तिथेच वारला. आजाराच्या चष्म्यातून त्याची सगळीच चित्रे वाचण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. 'ला मॉर्ग' आणि मालेतली बाकीची प्रमुख चित्रे शारांतोंच्या चार-पाच वर्षे आधीची, स्थिर हाताची आणि काटेकोर आखणीची आहेत. पक्ष्यांचे थवे आणि फुग्यांची गर्दी नंतरची. आजार चित्रात शोधायचाच असेल तर तो उत्तरकालीन अवस्थांत शोधावा.

इथे कवी शार्ल बोदलेअरचा संबंध येतो. १८५९ च्या सरकारी चित्रप्रदर्शनावर लिहिताना, त्या प्रदर्शनात मेर्योंचे काम नसतानाही, बोदलेअरने त्याची आठवण काढली आणि मोठ्या शहराचे गांभीर्य इतक्या काव्यमय रीतीने कोणी क्वचितच दाखवले असेल, असा अभिप्राय दिला. पुढच्या वर्षी चित्रमालेची नवी आवृत्ती काढायचे ठरले आणि बोदलेअरने तिला मजकूर लिहावा अशी बोलणी झाली. बोदलेअरला छोटी चिंतने लिहायची होती. मेर्योंला ते नको होते. उजवीकडे हे दिसते, डावीकडे ते दिसते, ही इमारत अमुक साली बांधली, अशी माहिती जुन्या पुस्तकांतून शोधून द्यावी, असा त्याचा आग्रह होता. बेत फिसकटला. बोदलेअरच्या पत्रांत या प्रसंगाबद्दलची कुरकुर वाचायला मिळते, आणि सहानुभूती साहजिकच कवीकडे जाते. पण मनोरे उंच करणाऱ्या आणि आकाशात फुगे सोडणाऱ्या माणसाने शब्दांत मात्र फक्त माहिती मागावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण तथ्यच नोंदवतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. गंमत अशी की, 'ला मॉर्ग'साठी त्याने स्वतः एक कविता रचून तीही पत्र्यावर कोरली होती आणि तिचे नाव मृत्यूची सराई अशा अर्थाचे ठेवले होते.

तथ्य आणि कल्पना यांची सरमिसळ कशी होते याचा आणखी एक नमुना १८५३ चा. 'ल स्त्रीज' या चित्रात नोत्र दामच्या मनोऱ्यावर बसलेला, हनुवटी हातांवर टेकून शहराकडे पाहणारा एक शिंगवाला राक्षस आहे. मध्ययुगाचे प्रतीक म्हणून हे चित्र जगभर गेले. तो राक्षस मात्र मध्ययुगातला नाही. व्हिओले-ल-द्युक आणि लास्यू या वास्तुशिल्पज्ञांच्या देखरेखीखाली कॅथेड्रलचा जीर्णोद्धार चालू होता, त्यात तो नव्याने बसवला गेला. मेर्योंने त्याला पाहिले तेव्हा तो जेमतेम काही वर्षांचा होता. मेर्योंने खोटे काही काढले नाही. जुने म्हणून जे त्याच्यासमोर होते तेच नुकते घडवलेले होते. उलट १८५४ च्या 'लाप्सिद' या चित्रात कॅथेड्रलची मागची बाजू आहे आणि तिच्या छतावर उंच शिखर नाही. जुने शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवले होते आणि व्हिओले-ल-द्युकचे नवे शिखर १८५९ मध्ये उभे राहिले. तेच एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळले आणि पुन्हा उभारले गेले. या तपशिलापुरती मेर्योंची साक्ष चोख आहे.

ओस्मानच्या प्रशासनाने जुन्या पॅरिसची नोंद ठेवण्याचे काम छायाचित्रकारालाही दिले होते. शार्ल मारव्हीलने १८६० च्या दशकात, पाडायच्या गल्ल्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली. मोजमापासाठी ती निःसंशय अधिक विश्वसनीय आहेत. दुकानांच्या पाट्या, फरसबंदीतले दगड, मधोमध वाहणारे गटार, सगळे तंतोतंत. पण त्या गल्ल्या ओसाड वाटतात. तेव्हाच्या काचपट्टीवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात चालणारा माणूस पुसला जाई. मारव्हील शक्यतो रिकामी वेळही निवडत असावा. परिणाम असा की, ज्या वस्तीतून हजारो लोक उठवले गेले तिच्या अधिकृत नोंदीत वस्तीच दिसत नाही. प्रशासनाला ते गैरसोयीचे नव्हते.

मेर्योंच्या काठावर माणसे आहेत. ती मुद्दाम मांडलेली आहेत, हे मान्य करावे लागेल. आक्रोश करणारी स्त्री, बोट दाखवणारा शिपाई आणि प्रेत वाहणारे यांची जुळणी रंगमंचावरची वाटते. अगदी तो क्षण त्याने तसाच पाहिला असे समजण्याचे कारण नाही. पण धोबिणींच्या नौका, पोलिसांची इमारत, राहती घरे आणि बघे एकाच हातभर जागेत कसे गुंतलेले होते, कपडे धुणारीच्या डोक्यावरून प्रेत कसे जाई, हे सांगणारे त्या काळचे दुसरे इतके बोलके चित्र नाही. मारव्हीलच्या छायाचित्रांत दगड खरे आहेत आणि माणसे नाहीत. मेर्योंच्या पत्र्यावर दगडांशी थोडी सैल वागणूक आहे आणि माणसे जागच्या जागी आहेत. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवावे.

या तपासणीनंतर आमचे मत असे आहे. इमारतींची उंची, खिडक्यांची संख्या, दोन वास्तूंमधले अंतर यांसाठी मेर्योंचा दाखला एकट्याने ग्राह्य धरू नये. नकाशा आणि छायाचित्र हाताशी असताना तसे करण्याची गरजही नाही. काठाचा वापर कोण कशासाठी करत होते, याबाबत मात्र त्याची साक्ष वरच्या दर्जाची आहे. आणि गेलेल्या शहराचा उमाळा काढण्यासाठी 'ला मॉर्ग' वापरणे तर चित्रावर अन्याय करणारे आहे. त्यात हळहळण्याजोगे असे काही रंगवलेले नाही. जी घरे पाडली गेली ती त्यात कळकट आणि कोंदट आहेत, पाणी काळे आहे, धूर शवागाराचा आहे. ओस्मानने काय पाडले हे चित्र सांगते. पाडायला नको होते असे ते कुठेही म्हणत नाही. पाडल्यावर रहिवाशांना कुठे घालवले, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर तांब्याच्या पत्र्यावर मिळत नाही, भाडे आणि घरपट्टीच्या दप्तरांत शोधावे लागते.

चित्रातल्या एका गोष्टीला पुढच्या इतिहासाने दुजोरा दिला, ती म्हणजे कठड्यावरची गर्दी. १८६४ मध्ये नोत्र दामच्या मागे, बेटाच्या पूर्व टोकाला, नवे आणि प्रशस्त शवागार उघडले. इमारत बदलली, जागा बदलली, बघे नव्या पत्त्यावर आणखी मोठ्या संख्येने येऊ लागले. १८८० च्या दशकात तिथे शीतयंत्रे आली आणि मृतदेह अधिक दिवस दाखवता येऊ लागले. पर्यटकांच्या मार्गदर्शिकांत शवागाराचे नाव असे. पुढे पोलिसांकडे छायाचित्रे आली, ओळख पटवण्याच्या नव्या पद्धती आल्या. लोकांना आत सोडण्याचे मूळ कारण एकेक करून संपत गेले, तरी दार उघडेच राहिले. सर्वसामान्यांसाठी ते बंद झाले १९०७ मध्ये, मेर्योंचे चित्र छापून झाल्यावर ५३ वर्षांनी, आणि तेही नीतिमत्तेच्या कारणावरून काढलेल्या सरकारी आदेशाने.